व्याकरणाच्या पुस्तकाला 10 गुण आणि शोधनिबंधालाही 10च

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या प्राध्यापकांच्या सेवानिवृत्तीची नाहीतर सत्काराची बातमी असते. मी ती न चुकता वाचतो आणि वाचून झाली की दरवेळी तेच होतं, शाल दिसते, नारळ दिसतो, पाहुण्यांची नावं तर झाडून सगळी दिसतात, पण ह्या माणसानं एवढ्या वर्षांत नेमकं शोधलं काय ते काही कळत नाही. इतके शोधनिबंध, इतकी पुस्तकं, इतक्या जणांना पीएच.डी.चं मार्गदर्शन, ह्या मंडळावर सदस्य, त्या समितीवर अध्यक्ष, संपली बातमी. केमिस्ट्रीचे असोत नाहीतर इतिहासाचे, नाव बदललं की तीच बातमी परत चालते. तक्रार म्हणून लिहीत नाही, म्हणजे तक्रार आहेच, पण तुमच्या एकट्यावर नाही.

मी सायबर चौकाच्या अंगाला डीटीपी-झेरॉक्सचं दुकान चालवतो. विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आमचं पोट प्रबंधांवर. सिनॉप्सिस टाईप करण्यापासून ते रेक्झिनच्या बायंडिंगवर सोनेरी अक्षरांत नाव मारून देईपर्यंत सगळं इथंच होतं. मला एक खोड आहे, जे टाईप करतो ते मी वाचतो. पोरं म्हणतात मामा वाचत बसू नका ओ, उद्या सबमिशन हाय. पण वाचल्याशिवाय टाईप होतं व्हय? असं वाचत वाचत मराठी, इतिहास, समाजशास्त्र, शेतीचं अर्थशास्त्र असं बरंच पोटात गेलं आणि त्यात सगळ्यात जास्त कुठल्या विषयात अडकलो असेन तर भाषाविज्ञानात. लिंग्विस्टिक्स ओ, भाषा घडते कशी आणि चालते कशी ह्याचं शास्त्र. आमच्याकडं त्याचे प्रबंध फार कमी येतात, पण एक आला की आठवडाभर दुकानात दुसरं काही सुचत नाही, एकतर त्यातली ती ध्वनिचिन्हं कुठल्याच मराठी फॉन्टात धड मिळायची नाहीत. चाकातला च वेगळा, चहातला च वेगळा, लिहिताना आपण दोन्ही सारखेच लिहितो आणि ह्या लोकांना तर ते वेगळे दाखवायचेच असतात. श्रीलिपी ह्या जुन्या फॉन्टच्या काळात आम्ही तेवढी जागा मोकळी सोडायचो आणि पोरगं प्रिंट घेऊन कोपऱ्यात बसून काळ्या पेनानं पानोपान चिन्हं भरायचं. आता युनिकोड आलंय, तरी कुठंतरी एखादी चौकट उमटतेच.

तर मुद्दा असा की प्रबंधांबरोबर प्राध्यापक लोकांच्या प्रमोशनच्या फाईलीपण आमच्याकडंच होतात. कॅसची फाईल म्हणतात तिला. 2018 च्या यूजीसीच्या नियमावलीतला तो गुणांचा तक्ता मला आता झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. भाषा, साहित्य, सामाजिक शास्त्रं ह्यांच्याकडं एका शोधनिबंधाला 10 गुण. राष्ट्रीय प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकाला 10, आंतरराष्ट्रीय असेल तर 12. पुस्तकातल्या एका प्रकरणाला 5. हाताखाली एक पीएच.डी. झाली की 10. दोघांनी मिळून लेख लिहिला तर प्रत्येकाच्या वाट्याला 70 टक्के. थेट भरतीत प्रोफेसर व्हायचं असेल तर दहा वर्षांचा अनुभव, कमीत कमी 10 प्रकाशनं आणि बेरीज 120 भरली पाहिजे. असोसिएटला 7 प्रकाशनं आणि 75.

आता ह्या तक्त्यात एका भाषाविज्ञानवाल्याला बसवून बघा. समजा त्यानं ठरवलं की चंदगड तालुक्यातल्या बोलीचं व्याकरण लिहायचं. तिकडं मराठी आहे, पण कोकणी जवळ, बेळगाव जवळ, कन्नड कानावर पडतंय, बोलणारा माणूस कोल्हापुरात आला की बाजारात लगेच ओळखू येतो. त्यासाठी गावात जाऊन राहायला लागतं, माणसं हुडकायला लागतात, फार बाहेर न गेलेली म्हातारी माणसं, बायका, शाळेतली पोरं, प्रत्येकाचं बोलणं वेगळं भरतं. शेतातले शब्द, नात्यातले शब्द, भांडणातले शब्द, म्हातारीकडनं गोष्ट सांगून घ्यायची आणि ती सगळी रेकॉर्ड करायची. मग ते घरी आणून कागदावर उतरवायचं, नुसत्या एका मिनिटाच्या बोलण्याला तासभर सहज जातो कारण शब्द नाही, आवाज लिहायचा असतो. मग त्यातनं क्रियापदांची रूपं वेगळी काढायची, शंका आली की परत गावात. माणूस मळणीला गेलेला असतो. परत जायचं. एवढं करून पुस्तक छापलं की तक्त्यात त्याची किंमत 10. आणि शेजारच्या केबिनमधल्या साहेबांनी स्वतःच्याच जुन्या प्रबंधातलं प्रकरण उचललं, वरखाली केलं, निबंध म्हणून छापून आणलं, तर त्यालापण 10. दुसरं प्रकरण, आणखी 10. मी हे माझ्या ह्याच कीबोर्डवर केलेलं आहे, गिऱ्हाईकाला नाही म्हणता येत नाही. आणि गावातल्या त्या रेकॉर्डिंगचा रकाना तक्त्यात मला तरी कुठं सापडला नाही, म्हातारीच्या आवाजाला शून्य.

मधी काही वर्षं केअर लिस्टचं, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीचं, खूळ होतं, प्रत्येकजण आला की पहिला प्रश्न, मामा हे जर्नल केअरमधी हाय का बघा. बोगस जर्नलं बंद व्हावीत म्हणून ती यादी काढली होती आणि 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती गुंडाळलीसुद्धा. पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून घ्या म्हणणारे मेल मात्र अजून येतात, यादी होती तेव्हापण येत होते. असो.

माझ्यापुढं नेहमी भाषाविज्ञानातल्या डॉ. अशोक केळकरांचं उदाहरण येतं. 1929 साली पुण्यात जन्म, पुढं अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन 1958 मध्ये पीएच.डी., तीही मराठीच्या ध्वनींवर आणि रूपांवर, आणि तिथं हॉकेटसारखा नावाजलेला भाषाशास्त्रज्ञ गुरू. तेव्हा हा विषय आपल्याकडं नवाच होता, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. कात्र्यांनी 1950 च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातनं भाषाविज्ञानाच्या कार्यशाळा चालू केल्या आणि देशभरातनं माणसं घडवली, तो सगळा काळ. केळकर आधी आग्र्याला शिकवायला होते, मग 1962 ला डेक्कन कॉलेजला आले आणि 1989 पर्यंत तिथंच. आता माझ्यासारखा फाईली बनवणारा माणूस लगेच हिशेब करतो. इंग्रजीत लिहिलं त्याचे गुण मिळतील. पण त्यांनी मराठीतपण तितक्याच ताकदीनं लिहिलं, कवितेवर लिहिलं, समीक्षेवर लिहिलं, भाषा शिकवण्यावर लिहिलं. 1982 ला मराठी अभ्यास परिषद उभी राहिली, लगेच पुढच्या वर्षी ‘भाषा आणि जीवन’ हे त्रैमासिक चालू झालं आणि त्याचे पहिले संपादक केळकरच. साध्या शाळामास्तरानं पत्र लिहून शंका विचारावी आणि त्यावर मोठ्या माणसांनी उत्तर द्यावं असं ते त्रैमासिक. हे सगळं त्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

त्यांना पद्मश्री 2002 ला मिळाली आणि साहित्य अकादमी त्यांच्या ‘रुजुवात’ ह्या पुस्तकाला 2010 साली. म्हणजे रिटायर होऊन वीस वर्षं उलटल्यावर. तुमच्या बातमीच्या हिशेबानं 1989 ला नारळ देऊन विषय संपला होता की! 2014 ला ते गेले तोपर्यंत करिअर चालूच होतं, आणि हा माणूस समजा आज पस्तीस वर्षांचा असता आणि असिस्टंट प्रोफेसर म्हणून आमच्या दुकानात फाईल घेऊन आला असता तर मीच म्हणालो असतो, साहेब ते त्रैमासिक बाजूला ठेवा, आधी दोन पेपर काढा.

आता आपल्या भागाकडं येतो, खरं पत्र लिहायला घेतलं ते ह्याच्यासाठी. सांगलीजवळचं कुपवाड सगळ्यांना माहिती आहे ते एमआयडीसीमुळं आणि महानगरपालिकेच्या नावात शेवटी येतं त्यामुळं. पण जगात कुठंही भाषाविज्ञान शिकणाऱ्या पोराला कुपवाड माहिती असतं, आणि ते एमआयडीसीमुळं नव्हे. जॉन गंपर्झ म्हणून अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक होते, मूळचे जर्मन, गंमत म्हणजे पहिली डिग्री केमिस्ट्रीतली आणि नंतर भाषेत आले. त्यांनी आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनी 1971 ला एका पुस्तकात कुपवाडवर एक लेख छापला. तेव्हा गाव तीनेक हजार वस्तीचं. गावात चार भाषा, कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू. जैन आणि लिंगायत घरात कन्नड, मुसलमानांच्या घरात उर्दू, कुणाच्या मराठी, कुणाच्या तेलुगू. बाहेर आला की गडी दुसऱ्याची भाषा सहज बोलायचा, घरात गेला की आपली. शेकडो वर्षं असं शेजारी राहून झालं काय, तर शब्द प्रत्येक भाषेनं आपले आपले जपले आणि वाक्यं रचायची पद्धत मात्र जवळजवळ एक होऊन गेली. इतकी की एका भाषेतलं वाक्य घेऊन शब्दाच्या जागी शब्द, प्रत्ययाच्या जागी प्रत्यय टाकला की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. तिथल्या उर्दूनं आम्ही आणि आपण हा फरक आपल्या मराठीसारखा घेतला, आणि मराठी-उर्दूतलं लिंग कन्नडच्या वळणावर गेलं, माणसं सोडून बाकी कशाला पुल्लिंग-स्त्रीलिंग हा भेदच उरला नाही. भाषा अशा एकमेकींत मुरतात हे जगाला दाखवायला जी उदाहरणं देतात त्यात हे गाव आजही पहिल्या रांगेत आहे. आणि त्याच पुस्तकात फ्रँकलिन साउथवर्थ ह्यांचा मराठीच्या मुळावर लेख आहे, मराठीच मुळात अशा मिसळीतनं घडली का, द्राविडी भाषा बोलणाऱ्यांचा तिच्यात किती हात, असा वाद घालणारा. एका पुस्तकात दोन दोन लेख आपल्या भागावर, मराठीवर, आणि दोन्ही अमेरिकेतनं.

हे मी पहिल्यांदा एका प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात टाईप करताना वाचलं आणि मशीन बंद करून बाहेर जाऊन चहा घेतला. आमची आत्या कुपवाडला दिलेली, लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी तिथं जायची, तिच्या शेजारची माणसं तशी बोलतात हे आम्हाला कानानं माहिती होतं की, पण त्यात काही शोधण्यासारखं आहे असं कुठल्या मास्तरानं कधी सांगितलं नाही. उलट शाळेत असं बोललं की हातावर पट्टी. पुढं डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी ह्यांनी चाळीस वर्षांनी कुपवाड परत तपासलं आणि गंपर्झच्या निष्कर्षांना प्रश्न विचारले, भाषावार प्रांतरचनेनंतर मराठीचं वजन वाढलं, चित्र पहिल्यासारखं राहिलं नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मिळून मराठी बोलींचं मोठं सर्वेक्षणपण केलंय, गावोगावची रेकॉर्डिंग वेबसाईटवर ऐकायला मिळतात, मी दुकानात लावली होती तर गिऱ्हाईक थांबून ऐकत होतं. बरं वाटलं. पण परत तेच, पुण्याहून माणसं आली म्हणून झालं.

कोल्हापूरला परंपरा नाही म्हणावं तर तसंही नाही. डॉ. आ. ने. उपाध्ये चिकोडी तालुक्यातल्या सदलग्याचे, 1930 पासून 1962 पर्यंत राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत होते. ‘कुवलयमाला’ नावाचा प्राकृत ग्रंथ त्यांनी संपादित केला, इसवी सन 779 चा, उद्योतनसूरींचा, आणि त्यात बाजारात आलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचं वर्णन आहे, कोण दिसायला कसा आणि बोलतो कसा. मराठे त्यात आहेत, काटक, सावळे, अभिमानी आणि भांडखोर, हे वाचून आमच्या दुकानातली पोरं लई खूश झाली. बाराशे वर्षांपूर्वी एका जैन साधूला बाजारात उभं राहून बोली टिपाव्या वाटल्या, आणि ते जगापुढं ठेवलं कोल्हापुरातल्या एका प्राध्यापकानं, एका कॉलेजात बसून. तेव्हा 120 गुण भरले का नाही हे कुणी विचारत नव्हतं. गणेश देवींनीसुद्धा एम.ए. आणि पीएच.डी. इथंच शिवाजी विद्यापीठात केली, ते इंग्रजीचे, पण 1996 ला बडोद्याची प्राध्यापकी सोडून भाषांच्या मागं लागले आणि 2010 नंतर लोकसर्वेक्षणात 780 भाषा नोंदवल्या. प्राध्यापकाची नोकरी सोडून! मॅक्सीन बर्नसन ह्यांचंही तेच, अमेरिकेतनं फलटणला आल्या, फलटणचं बोलणं जातीजातीत, शिकलेल्या-न शिकलेल्यांत कसं बदलतं त्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. 1973 ला घेतली, 1978 ला भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणलाच राहून पोरांना वाचायला-लिहायला शिकवत बसल्या, तिथली कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच संस्थेची. अमेरिकेत एखाद्या विद्यापीठात खुर्ची मिळाली असती की नसती देव जाणे, मला वाटतं मिळाली असती. भाषाविज्ञानात खरं काम केलेली माणसं बघायला लागलं की त्यातली अर्धी अशी नोकरीच्या चौकटीबाहेर सापडतात, ह्याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा.

चौकटीच्या आत काय चाललंय ते आता सांगतो. आमच्याकडं गडहिंग्लज भागातलं एक पोरगं यायचं, घरात कन्नड, गावात मराठी, शेजारी उर्दू, म्हणजे कुपवाडचाच नमुना. बी.ए. मराठी इथं केलं, भाषाविज्ञानात एम.ए. करायला बाहेर गेला. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, नेट, पास झाला, नेटमध्ये भाषाविज्ञान वेगळा विषय आहे हे बऱ्याच जणांना माहितीपण नसतं. मग जाहिराती बघायला लागला. मराठीच्या जागेला अर्ज केला तर एम.ए. मराठी पाहिजे. इंग्रजीच्या जागेला एम.ए. इंग्रजी पाहिजे. मराठी विभागात भाषाविज्ञानाचा पेपर असतो, इंग्रजी विभागात असतो, हिंदीत असतो, पण तो शिकवायला भाषाविज्ञानाचा माणूस चालत नाही. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मुलाखतीत सांगितलं म्हणे, तुमचा विषय संबंधित विषयात बसत नाही. मग सीएचबी. तासाप्रमाणं पैसे, तेही महिन्याच्या महिन्याला येतील असं नाही, आणि मे महिन्यात काही नाही. दोन कॉलेजं, एका गावातनं दुसऱ्या गावात एसटीनं, आणि एवढ्यातनं वेळ काढून पीएच.डी. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली असती तर महिन्याला 37,000 होते, ती थोडक्यात हुकली. रेकॉर्डर त्यानं स्वतःच्या पैशानं घेतला होता. मागं एकदा आला तो बायोडेटा करायला, व्हॉइस असिस्टंटवाल्या एका कंपनीत मराठी वाक्यं तपासायचं काम लागलंय म्हणाला, बेंगलोरला. पैसे चांगले आहेत. मी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला, पण त्यानं आणलेली त्या भागातली रेकॉर्डिंग कुठं आहेत विचारलं तर म्हणाला पेनड्राईव्हवर हायत मामा.

लोक म्हणतात मराठी तर आपल्याला येतीच, त्यात शास्त्र ते कसलं आणि त्याला पगारी प्राध्यापक कशाला. पोट सगळ्यांनाच आहे म्हणून डॉक्टर नको का मग? 2011 च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली ती कच्ची नावं होती 19,569. त्यातनं छाननी करून 1,369 मातृभाषा ठरल्या आणि दहा हजारांवर बोलणारे असलेल्या भाषा उरल्या 121. ही छाननी आपोआप होत नाही, कोलकात्याला जनगणना खात्याचा भाषा विभाग आहे तिथं भाषेची माणसं बसून करतात, कुठली बोली कुणाच्या पोटात घालायची हे ठरवतात. मराठीचे आठ कोटी तीस लाख त्या हिशेबातनं आले. 2027 ची जनगणना आता तोंडावर आहे. आपल्या सीमाभागात दारात आलेला प्रगणक मातृभाषा विचारणार आणि माणूस जे सांगेल ते लिहिणार, पुढं त्याचं काय करायचं हे कळणारा एकतरी माणूस ह्या जिल्ह्यात पगारावर पाहिजे का नको?

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्याकडंपण पेढे वाटले, पोस्टर लागले, माझ्याच दुकानात फ्लेक्सच्या डिझाईनला रांग होती, त्यामुळं मी नावं ठेवायच्या भानगडीत पडत नाही. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं, तेपण चांगलंच, चक्रधरांच्या आणि महानुभावांच्या गावाला ते व्हायलाच पाहिजे होतं. पण जुन्या मराठीचं वैभव सांगायला जितकी माणसं पुढं येतात तितकी आजची मराठी कानानं ऐकून लिहून ठेवायला येत नाहीत. कोल्हापुरात नुसती गंगावेश तालीम आणि मोतीबाग घ्या, तिथं वस्ताद पोराला डाव सांगतो ते बोलणं, ढाक, घिस्सा, मोळी, पट, कुठला शब्द कधी आणि कुणाला ओरडायचा. हुपरीची चांदीची माणसं घ्या. इचलकरंजीचे माग, मार्केट यार्डातला गुळाचा सौदा. हे बोलणारे वस्ताद आणि कारागीर कुणासाठी थांबून राहणार नाहीत, त्यांच्या पोरांना ते शब्द लागतच नाहीत.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, शिवाजी विद्यापीठात भाषाविज्ञानाची निदान दोन-तीन पूर्णवेळ पदं सरकारनं द्यावीत, मराठी-कन्नड-उर्दू ह्या आपल्या पट्ट्यासाठी म्हणून. शिकवायचं असेल ते शिकवतील, पण मुख्य काम गावात जाऊन ऐकायचं. रेकॉर्डिंग ठेवायला खर्डेकर ग्रंथालयात एक खोली मिळाली तरी पुरे, पोरांच्या पेनड्राईव्हवर पडलेलं आधी तिथं येऊ दे. त्या माणसांची बढती ठरवताना गोळा केलेल्या आणि सगळ्यांना ऐकायला खुल्या ठेवलेल्या रेकॉर्डिंगला गुण द्या, व्याकरणाला आणि कोशाला निबंधाच्या चौपट द्या, आणि हे यूजीसीच्या हातात आहे म्हणून आपल्या कुलगुरूंनी, आमदार-खासदारांनी तिथं लिहावं. आणि मराठीच्या जागेच्या जाहिरातीत भाषाविज्ञानाचं एम.ए. चालेल एवढी एक ओळ घालायला तर काहीच खर्च नाही. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी आपण कोल्हापूरकर किती वर्षं भांडलो, 2025 ला मिळवलंच की शेवटी. तेवढं भांडायला नको, थोडं भांडलं तरी हे मिळण्यासारखं आहे.

आणि तुमच्यासाठी एक. पुढच्या वेळी कुठल्याही सरांचा नाहीतर मॅडमचा सत्कार असला की तुमच्या बातमीदाराला सांगा, एकच जादा प्रश्न विचार, की तुम्हाला काय सापडलं? उत्तर आलं तर तेच हेडिंग करा. नाही आलं तर आहे ती बातमी आहेच.

पत्र मोठं झालंय ह्याची कल्पना आहे, टाईप करणाऱ्याला आवरत नाही, जागा नसेल तर केअर लिस्टचा पॅरा आणि पेढ्यांचा पॅरा खुशाल काढा, कुपवाडचा मात्र ठेवा.

कळावे,
आपला एक वाचक आणि डीटीपीवाला,
सायबर चौक, कोल्हापूर